रिपोर्टवर संसर्गाची तारीख नसते

खानापूर तालुक्यातील एका २९ वर्षांच्या वाचकाचे हे पत्र आहे. ओळख पटेल असा तपशील वगळून ते येथे देत आहे.

“ताई, मी उद्यमबागमधील एका फाउंड्रीत कामाला आहे. लग्नाला दीड वर्ष झाले. पत्नी चंदगड तालुक्यातील आहे. पाच महिन्यांपूर्वी तिच्या ओटीपोटात दुखत होते म्हणून बेळगावात दाखवले, तेव्हा तपासणीत क्लॅमिडिया निघाला. तिने एकदाच घ्यायच्या गोळ्या घेतल्या. डॉक्टरांनी मलाही बोलावले होते, पण मला कसलाच त्रास नव्हता आणि शिफ्ट सोडून जाणे जमले नाही. मागच्या महिन्यात तिला पुन्हा दुखू लागले, तपासले तर रिपोर्ट पुन्हा पॉझिटिव्ह. हा आजार संबंधातून होतो असे मोबाइलवर वाचले. ती शपथेवर सांगते की तिचे बाहेर काही नाही. आई म्हणते, तिला काही दिवस माहेरी पाठव. हा आजार कोणाकडून आला हे तपासणीत कळते का? इतके संशोधन चालते तर यावर लस का नाही? आणि सरकार सगळ्यांचीच तपासणी का करत नाही? केली असती तर आमच्यावर ही वेळ आली नसती.”

प्रिय बंधू,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. क्लॅमिडियाची आजची विश्वासार्ह तपासणी ही कोविडच्या काळात घराघरांत माहीत झालेल्या पीसीआरच्याच जातीची असते. योनीमार्गातील स्वॅबमध्ये किंवा लघवीच्या पहिल्या धारेत या जिवाणूचा जनुकीय अंश आहे की नाही, एवढेच ती सांगते. तो कधी आला, कोणाकडून आला, लग्नाआधी आला की नंतर, यांपैकी काहीही त्या कागदावर लिहिलेले नसते आणि कोणताही डॉक्टर ते त्यातून वाचू शकत नाही. हा संसर्ग शरीरात मुकाट्याने किती काळ राहू शकतो याचा अभ्यास कोलंबियातील स्त्रियांवर झाला आणि त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचार न झालेल्या स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये एक वर्षानंतरही संसर्ग टिकून होता, दोन वर्षांनंतर साधारण पाचांतील एकीमध्ये, आणि चार वर्षांनंतरही थोड्या जणींमध्ये तो होताच. तुमच्या लग्नाला दीड वर्ष झाले आहे. तेव्हा पहिल्या रिपोर्टवरून कोणावरही बोट ठेवता येत नाही, तिच्यावरही नाही आणि तुमच्यावरही नाही.

दुसऱ्या रिपोर्टची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती मी स्पष्टपणे लिहिणार आहे. औषध घेतल्यानंतर तीन-चार आठवड्यांच्या आत तपासणी केली, तर मेलेल्या जिवाणूंच्या अवशेषांमुळेही रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो. तुमच्या पत्नीची दुसरी तपासणी मात्र चार महिन्यांनी झाली, म्हणून ते कारण इथे लागू होत नाही. राहतात मुख्यतः दोन शक्यता. औषधाने संसर्ग पुरता गेला नसेल, हे थोड्या रुग्णांत घडते. किंवा तो पुन्हा झाला असेल. पुन्हा होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे ज्याच्यावर उपचार झाले नाहीत तो जोडीदार. तुमच्या घरात असा एकच माणूस आहे, आणि त्याने अजून लघवीची बाटलीसुद्धा तपासायला दिलेली नाही. ती जे शपथेवर सांगत आहे, त्याच्या विरोधात या दोन रिपोर्टांत काहीही नाही. जो अर्थ तुम्ही त्यातून काढत आहात त्याहून सरळ अर्थ समोर असताना, तिला माहेरी पाठवण्याचा विचार निदान तुमची तपासणी होईपर्यंत मनातही आणू नका.

“मला कसलाच त्रास नाही” हे तुमचे म्हणणे मी खोटे मानत नाही. क्लॅमिडियाची सारी अडचण तिथेच आहे. संसर्ग झालेल्या पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांना आणि स्त्रियांपैकी बहुसंख्य जणींना काहीही जाणवत नाही. लघवीला जळजळ नाही, स्राव नाही, ताप नाही. हा जिवाणू आपल्या पेशींच्या बाहेर वाढूच शकत नाही. त्याचे एक टणक, निद्रिस्त रूप पेशीत शिरते, आत गेल्यावर ते दुसरे रूप घेऊन विभागत राहते, आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा टणक रूपे तयार होऊन पेशी फोडून शेजारच्या पेशींत जातात. हे सगळे इतक्या आत चालते की शरीराला बराच काळ फारशी खबर लागत नाही. तुमच्या लग्नापूर्वीच्या आयुष्याबद्दल तुम्ही काही लिहिलेले नाही. मीही ते विचारत नाही. मात्र जो प्रश्न तुम्ही तिला वारंवार विचारता आहात, तो तुम्हाला कोणी विचारलेला नाही, एवढे लक्षात असू द्या.

आता करायचे काय, ते सांगते. या आठवड्यात एक सुट्टी टाका आणि दोघे मिळून जा. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात, ज्याला आपण सगळे सिव्हिल म्हणतो, लैंगिक आजारांसाठी राष्ट्रीय कार्यक्रमाखालील स्वतंत्र विभाग असतो. अशा केंद्रांना ‘सुरक्षा क्लिनिक’ हे नाव दिलेले आहे. तेथे सल्ला आणि औषध मोफत मिळते. खासगी डॉक्टरांकडे जायचे असेल तर तसे जा, पण मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून खाऊ नका. तुमची लघवीची तपासणी होईल. तिच्या आधी निदान तासभर लघवी केलेली नसावी आणि सुरुवातीचीच धार बाटलीत धरावी, नाहीतर असलेला संसर्गही निसटू शकतो. मात्र रिपोर्ट येईपर्यंत औषधासाठी थांबायचे कारण नाही. पत्नीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह असताना पतीवर त्याच वेळी उपचार करावेत, अशीच वैद्यकीय पद्धत आहे. त्याच भेटीत दोघांची एचआयव्ही, सिफिलिस आणि गोनोरिया यांचीही तपासणी करून घ्या. तुमच्यावर संशय म्हणून मी हे सांगत नाही, एक संसर्ग सापडला की बाकीचे पाहण्याचा नियमच आहे.

औषधाची निवड डॉक्टर करतील, पण त्यामागचा विचार तुम्हाला माहीत असावा. अझिथ्रोमायसिनचा एक ग्रॅमचा एकच डोस सोयीचा म्हणून वर्षानुवर्षे दिला जात होता. नंतरच्या तुलनात्मक अभ्यासांत डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस, हा क्रम अधिक खात्रीचा ठरला, आणि अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्रांनी २०२१ मध्ये तोच पहिल्या पसंतीचा ठरवला. तुमच्या पत्नीला पहिल्यांदा एकच डोस दिला होता, ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा. डॉक्सिसायक्लिन घेताना गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते; दूध, लोहाच्या गोळ्या किंवा ॲसिडिटीचे औषध त्याच वेळी घेऊ नये; आणि या दिवसांत उन्हाने कातडी लवकर भाजते, हे बाहेरच्या कामात ध्यानात ठेवावे. गर्भ राहिल्याची शंका असेल तर आधी ती तपासणी करावी, कारण गरोदरपणात डॉक्सिसायक्लिन देत नाहीत, तेथे अझिथ्रोमायसिनच देतात. दोघांचे औषध पूर्ण होईपर्यंत, आणि एकच डोस असेल तर त्यानंतर सात दिवस, संबंध ठेवू नयेत. दोघांनी एकाच वेळी उपचार घेणे हा या साऱ्याचा गाभा आहे. तिने आषाढात आणि तुम्ही श्रावणात औषध घेतले तर दोघांनीही घेऊन न घेतल्यासारखेच होईल.

तुमच्या पत्रातील ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त काळजी वाटली, तिच्याबद्दल तुम्ही काही विचारलेलेच नाही. ती म्हणजे तिचे ओटीपोटात दुखणे. ते दोनदा झाले आहे. क्लॅमिडिया गर्भाशयमुखापाशी असतो तोवर सात दिवसांच्या गोळ्या पुरतात. पण तो वर सरकून गर्भाशय आणि गर्भनलिकांपर्यंत गेला असेल तर उपचार वेगळे असतात, साधारण चौदा दिवसांचे आणि एकाहून अधिक औषधांचे. हे आतून तपासल्याशिवाय ठरत नाही. स्वीडनमधील लुंड येथे गर्भनलिकांची सूज दुर्बिणीतून पाहून निश्चित झालेल्या स्त्रियांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करण्यात आला. एकदा सूज येऊन गेलेल्यांपैकी सुमारे ८ टक्के स्त्रियांना नलिका बंद झाल्यामुळे मूल झाले नाही, दोनदा आलेल्यांत हे प्रमाण सुमारे २० टक्के, आणि तीन किंवा अधिक वेळा आलेल्यांत ४० टक्के होते. या आकड्यांकडे दोन्ही बाजूंनी पाहा. एकदा झाले म्हणून सगळे संपले असे मुळीच नाही, बहुतेक जणींना पुढे मूल होते. पण प्रत्येक नव्या खेपेला धोका दुपटीने वाढतो, आणि ती खेप थांबवणे अर्धे तिच्या हातात असले तरी अर्धे तुमच्या हातात आहे. दुखणे वाढले, ताप आला, उलट्या झाल्या किंवा पाळी चुकून एका बाजूला तीव्र कळ आली, तर सुट्टीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. शेवटच्या प्रकारात गर्भ नलिकेत राहिल्याची शक्यता असते आणि ती जिवावर बेतू शकते.

तुम्ही सरकारी तपासणीबद्दल जे विचारले आहे तो प्रश्न रास्त आहे, आणि त्यावर जगात खरोखरच मोठे प्रयोग झाले आहेत. अमेरिकेतील सिॲटलमध्ये झालेल्या एका अभ्यासाने १९९६ मध्ये आशा निर्माण केली: जोखीम असलेल्या तरुण स्त्रियांना शोधून तपासले तर वर्षभरात गर्भनलिकांच्या सुजेचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले. इंग्लंडने २००३ पासून तरुण-तरुणींसाठी राष्ट्रीय कार्यक्रमच सुरू केला. पण लंडनमधील सुमारे अडीच हजार विद्यार्थिनींवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये आले, तेव्हा चित्र इतके सोपे राहिले नाही. संसर्ग असून उपचार न झालेल्यांपैकी ९.५ टक्के जणींना वर्षभरात सूज आली आणि उपचार झालेल्यांपैकी १.६ टक्के जणींना, म्हणजे उपचाराचा फायदा दिसला; परंतु वर्षभरात ज्या ३८ जणींना सूज आली त्यांपैकी ३० जणींची सुरुवातीची तपासणी निगेटिव्ह होती. एकदा तपासून मोकळे झालेल्यांना संसर्ग नंतर होऊ शकतो, हे त्यातून उघड झाले. नेदरलँडमध्ये तर लाखो तरुणांना घरी पत्रे पाठवून तपासणीसाठी बोलावले गेले. पहिल्या फेरीत सुमारे १६ टक्क्यांनी प्रतिसाद दिला आणि तिसऱ्या फेरीपर्यंत तो १० टक्क्यांच्या आत आला. ऑस्ट्रेलियातील गावोगावच्या दवाखान्यांत तपासण्या वाढवून पाहिल्या, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले: तपासण्या वाढवलेल्या गावांत संसर्ग ५ टक्क्यांवरून ३.४ वर आला, आणि न वाढवलेल्या गावांतही ४.६ वरून ३.४ वरच आला. या साऱ्यानंतर २०२१ मध्ये इंग्लंडने आपल्या कार्यक्रमाचा उद्देशच बदलला आणि संसर्ग पसरण्यापेक्षा त्याने स्त्रियांच्या शरीरावर होणारा परिणाम रोखण्यावर भर दिला.

या अपयशांचा अर्थ तपासणी निरुपयोगी आहे असा मी घेत नाही. तपासणी ही फक्त सुरुवात असते आणि पुढची पायरी चुकली की तिचा उपयोग विरून जातो, असा त्याचा अर्थ मला दिसतो. पुढची पायरी म्हणजे जोडीदार. सिॲटलच्याच परिसरात २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, काही रुग्णांच्या जोडीदारांना नेहमीप्रमाणे दवाखान्यात यायला सांगितले गेले, तर काहींच्या जोडीदारांसाठी औषध थेट पोहोचवण्याची सोय केली गेली. क्लॅमिडिया किंवा गोनोरिया परत सापडण्याचे प्रमाण पहिल्या गटात १३ टक्के आणि दुसऱ्या गटात १० टक्के राहिले. फरक डोळे दिपवणारा नाही, पण तो नव्या औषधामुळे आला नव्हता. तेच औषध दुसऱ्या माणसापर्यंत पोहोचले म्हणून आला होता. बेळगावसह कर्नाटकातील पाच जिल्ह्यांत, या शतकाच्या पहिल्या दशकात, देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये निरोधचा वापर, नियमित तपासणी आणि त्यांच्याच सहकारी स्त्रियांमार्फत पाठपुरावा असे काम झाले आणि आधी-नंतरच्या पाहण्यांत लैंगिक संसर्गांचे प्रमाण घटलेले आढळले. समाज ज्यांना सर्वांत आधी दोष देतो, त्या स्त्रियांनी आपल्याच जिल्ह्यात वेळेवर औषध घेऊन दाखवले. आपण संसारी माणसे एका शिफ्टची सबब सांगतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपल्या देशात सर्वांची पीसीआर करणे खर्चाचे आहे, म्हणून सरकारी केंद्रांत लक्षणांवरून उपचार करण्याची पद्धत आहे. त्यासाठी वेगवेगळ्या रंगांच्या पुड्या ठरलेल्या आहेत: स्रावासाठी करड्या रंगाची पुडी, जिच्यात अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्सिम असते, आणि स्त्रियांच्या ओटीपोटातील दुखण्यासाठी पिवळी. या पद्धतीत जोडीदाराला औषध देणे हा उपचाराचा भागच मानला आहे. तिची मोठी उणीव म्हणजे ज्यांना लक्षणेच नाहीत ते तिच्या जाळ्यात येत नाहीत. तुमच्या पत्नीची प्रयोगशाळेत तपासणी झाली, ही त्या दृष्टीने चांगली गोष्ट घडली. पुड्या राष्ट्रीय असल्यामुळे कर्नाटक-महाराष्ट्र सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे त्या सारख्याच आहेत. ती काही कारणाने चंदगडला असेल आणि तिकडच्या सरकारी दवाखान्यात किंवा कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात गेली, तरी उपचाराची दिशा तीच राहील. फक्त तिची औषधाची तारीख आणि तुमची तारीख जुळवून घ्या, आणि इकडचे दोन्ही रिपोर्ट तिच्या पिशवीत असू द्या. फॉर्म कन्नडमध्ये आणि रिपोर्ट इंग्रजीत असला तर संकोच न करता समुपदेशकाला मराठीत समजावून सांगायला सांगा. बेळगावात ते कठीण नाही. गावात कोणाला कळेल अशी भीती वाटत असेल तर १०९७ या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावर नाव न सांगताही माहिती विचारता येते.

लसीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण त्यात आपल्या आज्यांच्या पिढीचा एक आजार गुंतलेला आहे. खुपऱ्या हा डोळ्यांचा आजार तुम्ही ऐकला असेल. पापण्या आतून खरखरीत होत, केस आत वळत आणि माणूस हळूहळू आंधळा होई. तो करणारा जिवाणू हाच, क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस. त्याचे काही उपप्रकार डोळ्यांना धरतात आणि काही जननमार्गाला. डोळ्यांचा प्रकार माश्या, हात आणि टॉवेल यांतून पसरतो, तुमच्या पत्नीला झालेला प्रकार मात्र टॉवेलने किंवा संडासातून येत नाही. १९५७ मध्ये चीनमधील तांग फेईफान यांनी हा जिवाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवल्याचे प्रसिद्ध केले आणि लसीचा मार्ग खुला झाल्यासारखे वाटले. १९६० च्या दशकात अनेक देशांत, आपल्याकडे पंजाबच्या खेड्यांतील मुलांवरही, खुपऱ्यांच्या लसींचे प्रयोग झाले. एकूण अनुभव असा आला की संरक्षण मिळाले तरी ते अपुरे आणि थोड्या काळाचे होते. शिवाय लस घेतलेल्या काहींना नंतर संसर्ग झाल्यावर दाह अधिक होतो की काय, अशी शंका निर्माण झाली. या जिवाणूच्या बाबतीत इजा मोठ्या प्रमाणात शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारातूनच होते, म्हणून प्रतिकार जागवणारी लस बनवताना तो नेमका कसा जागवायचा हे फार जपून ठरवावे लागते. लस रखडण्याचे हे एक मोठे कारण आहे. २०१९ मध्ये डेन्मार्क आणि इंग्लंडमधील संशोधकांनी एका नव्या लसीच्या पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष मांडले. ३५ निरोगी स्त्रियांमध्ये ती सुरक्षित ठरली आणि तिने प्रतिकारशक्ती जागवली. संसर्ग टळतो का हे तपासण्यासाठी तो टप्पा नव्हताच. तुमच्या घरच्या निर्णयात लसीची वाट पाहण्याला आज काही जागा नाही.

खुपऱ्या मात्र लसीशिवायच आटोक्यात आल्या. भारतातून त्यांचे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. चेहऱ्याची स्वच्छता, पाणी, संडास आणि शस्त्रक्रिया यांच्या जोडीला तेथे प्रतिजैविक वापरले गेले. जेथे हा आजार फार असतो तेथे औषध एकट्या रुग्णाला न देता साऱ्या वस्तीला देण्याची पद्धत आहे, कारण एकाचे डोळे बरे करून त्याला त्याच घरात परत पाठवले तर आजार पुन्हा होऊ शकतो. तुमच्या बाबतीत ती वस्ती दोन माणसांची आहे.

आईंना काय सांगायचे हा प्रश्न उरतो. त्यांना आजाराचे नाव सांगण्याची तुमच्यावर सक्ती नाही. “आम्हा दोघांनाही इन्फेक्शन आहे, दोघांचेही औषध चालू आहे, डॉक्टरांनी दोघांना एकत्र बोलावले आहे,” एवढे पुरे, आणि हे वाक्य तुम्ही स्वतः बोला, तिला बोलायला लावू नका. ‘दोघांना’ हा शब्द तुमच्या तोंडून आला की माहेरी पाठवण्याचा विषय बहुधा तिथेच थांबेल. पत्नीशी बोलायचे असेल तर आधी, पाच महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी बोलावले होते तेव्हा मी आलो नाही, ही चूक तिच्यापाशी मान्य करा. ती इतके दिवस दुखणे आणि संशय दोन्ही एकटीने सोसत आहे. मग पुढे तुमच्यात जे काही बोलायचे असेल ते औषध सुरू झाल्यावर बोला, आधी नव्हे.

औषध संपल्यावर तीन महिन्यांनी दोघांनीही पुन्हा तपासणी करावी, त्रास असो वा नसो, कारण संसर्ग परत होण्याचे प्रमाण याच काळात बरेच असते. मधल्या काळात गर्भ राहिला तर पहिल्याच भेटीत या उपचारांची माहिती डॉक्टरांना द्या आणि उपचारानंतर साधारण चार आठवड्यांनी संसर्ग गेल्याची खात्री करून घ्या. प्रसूतीच्या वेळी हा जिवाणू बाळाच्या डोळ्यांना आणि फुप्फुसांना लागू शकतो, आणि आधी उपचार झाले असतील तर ते टळते. तिसऱ्यांदाही रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर दोघांचे रिपोर्ट आणि औषधांच्या तारखा एका कागदावर लिहून मला कळवा.